तीनशे साठ देठ

वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंगहून समुद्र कुठल्याच वाटेनं जवळ नाही. इथलं पावसाचं पाणीसुद्धा कोकणाकडे पाठ करून निघतं. पैनगंगेत उतरतं, वर्धेला मिळतं, प्राणहितेतून गोदावरीत जातं आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतं. अरबी समुद्राशी आमचं नातं एवढंच, की मृगाचे ढग तिकडून येतात आणि ते लांबले की सोयाबीन पेरायचं की थांबायचं यावर पारावर वाद होतात.

तरी दर्यात गेलेल्या माणसांचा विचार माझ्या मागे लागला तो याच कोरड्या मुलखात. निमित्त झालं कोतवाल बुकाचं. आमच्याकडे मासेमारी भोई समाजाची. तलाव, धरणं, नदीचे डोह हाच त्यांचा दर्या. भोई महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहेत आणि जात पडताळणीला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो. ओळखीच्या एका घरातल्या मुलाचा प्रवेश त्यावर अडला होता. मला मोडी थोडीफार लागते, म्हणून बोलावणं आलं. जुन्या कागदांवर जिल्हा अर्थातच अकोला. वाशीम वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला.

कोतवाल बुकात गावातलं जन्मणं आणि मरणं एकाच हातानं लिहिलेलं असतं. ताप, पटकी, देवी. कारकुनी अक्षर कुणासाठी थबकत नाही. आम्ही पूर्वज शोधत होतो तो मरणाच्या पानांवर, कारण जन्माच्या नोंदीत बऱ्याचदा पोराचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगा’. घरातले आजोबा शेजारी बसून होते. त्यांचे चुलते पुरात गेलेले. मी पानं उलटत असताना ते सहज म्हणाले, “नदी वापस देते, गुरुजी. उशीर करते, पण देते.”

ते खरंच होतं. नदी दोन-तीन दिवसांत माणूस खाली कुठेतरी काठाला लावते. मग पंचनामा होतो, नोंद होते, तेराव्याचा दिवस धरता येतो. आणि पुढे पणतवाचा दाखला निघतो. पण समुद्रानं ठेवून घेतलेल्या माणसाचं काय होत असेल?

११ नोव्हेंबर १९२७ ला कोकण किनाऱ्यावर ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. फयान वादळ आलं तेही २००९ च्या ११ नोव्हेंबरलाच, आणि कोकणातल्या कित्येक होड्या तेव्हा बाहेर होत्या. आगबोटीतल्या उतारूकडे निदान तिकीट असायचं. रात्री भरतीला निघालेल्या होडीत तांडेलाबरोबर कोण कोण खलाशी चढले, हे जुन्या काळी फक्त कोळीवाड्याला ठाऊक. होडी उलटली की माणसं, जाळी आणि हजेरी सगळं एकदम जातं. कोळ्याच्या पणतवानं पूर्वज शोधायला घेतला, तर एका पिढीपाशी नाव असतं आणि मरणाचा रकाना कोरा असतो.

तो रकाना मागे राहिलेल्यांनाच भरावा लागतो. कायदा म्हणतो, सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं धरा. १८७२ च्या पुरावा कायद्याचं हे कलम १०८. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १११ झालं. पण २००४ मध्ये विम्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की माणूस मेला असं गृहीत धरता येतं, कधी मेला हे नाही. तारीख ज्याला हवी त्यानं ती सिद्ध करायची. ज्या घरचा माणूस लाटेखाली गेला, ते घर साक्षीला कुणाला आणणार? तिकडे वाड्यातल्या बायका वेगळाच प्रश्न विचारत असतात: कुंकू कधी पुसायचं? ती रीत मला मान्य नाही. पण दिवस ठरवावा लागतो, ही टोचणी खरी आहे.

शास्त्रानं या कोंडीतून काढलेली वाट मला कायद्याहून जास्त माणसाळलेली वाटते. साधारण बारा वर्षं वाट पाहायची. मग पळसाचे ३६० देठ मांडून पुतळा करायचा, हाडांच्या जागी देठ आणि डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला अग्नी द्यायचा. नारळी पौर्णिमेला दर्याला दिला जातो तोच नारळ. आणि पळस तर आमच्या माळावरचा! फाल्गुनात पेटल्यासारखा फुलणारा, उन्हाळ्यात पत्रावळीला पान देणारा. खाऱ्या पाण्यात हरवलेल्या माणसाला देह द्यायला पाण्यावाचून तगणारं झाड निवडावं, हे कुणाला सुचलं असेल? तिथी ठाऊक नसेल त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहेच. भाद्रपदातल्या त्या दिवशी आमच्याकडेही घराघरांवर कावळ्यांसाठी पानं ठेवलेली असतात, आणि त्यातली सगळीच काही आठवणीतल्या माणसांची नसतात.

आजोबांचे चुलते आम्हाला सापडले. नाव, बाप, जात, ‘बुडून’. मुलाचं काम त्या एका ओळीवर झालं.

किनाऱ्यावरच्या मच्छीमार संस्थांना म्हणून एक विनंती आहे. डिझेल आणि मासळीचे हिशोब ठेवता, तशी एक वही गेलेल्यांचीही ठेवा: नाव, बापाचं नाव, होडी, कुठल्या तिथीला निघाला. परतला नाही, एवढंच पुढे लिहा. वाड्यातल्या म्हाताऱ्या आहेत तोवर मागच्या दोन-तीन पिढ्या त्यांच्याकडून उतरवून घ्या. आमची कोतवाल बुकं हाताळताना तुकडे पडतात; तुमच्याकडे तर फाटायलाही कागद नाही.