दादींचे बैतुल मुकद्दस

लोणावळ्याच्या पश्चिमेला बोरघाट उतरतो. आमच्या घरातील मुसल्लाही त्याच दिशेला अंथरला जातो. त्या दिशेला मक्का आहे आणि थोडे उत्तरेकडे वळले की बैतुल मुकद्दस, म्हणजे जेरुसलेम.

आमच्या दादींनी चिक्कीची पाकिटे भरून आठ वर्षे पैसे जमवले होते. नोव्हेंबर 2023 मध्ये त्यांचा काफिला मुंबईहून निघणार होता. आधी बैतुल मुकद्दसची जियारत, मग उमराह. ऑक्टोबरात युद्ध पेटले आणि काफिला रद्द झाला.

गाझातील मुलांची चित्रे पाहून घरात कुणाला घास उतरत नव्हता. अशातच एके रात्री आमचा मुलगा रागाने म्हणाला, “दादी, ते शहर फक्त आपले आहे. यहुद्यांचा तिथे काय संबंध?”

दादींनी शांतपणे विचारले, “हजरत दाऊद आणि हजरत सुलैमान (अ.) कोण होते रे? त्यांना नबी मानल्याशिवाय तुझे ईमान पुरे होते का?”

मग त्यांनी रेल्वेच्या चाळीतील शेजारीण आठवली. बेने इस्राएली, नऊवारी नेसणारी, घरात मराठीच बोलणारी. या समाजाला कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत. तेल गाळणे हा त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. शनिवारी मावशी चूल पेटवत नसे. ते काम लहानग्या दादींकडे असे. पुढे ते कुटुंब इस्राएलला गेले. जाताना मावशीने दादींच्या आईला विचारले होते, “तिथे तुमच्यासाठी काय मागू?”

आम्ही मुलाला सांगितले की मदीनेत सोळा-सतरा महिने आपला किब्ला बैतुल मुकद्दसच होता. मेराजच्या रात्री प्रेषित मुहम्मद (स.) यांना मस्जिदे अक्सापर्यंत नेण्यात आले, सूरह बनी इस्राईलची सुरुवातच त्याने होते. हजरत उमर (रजि.) यांनी शहराचा ताबा घेतला, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरूंनी त्यांना चर्चमध्येच नमाज पढण्यास सांगितल्याचे इतिहासकार लिहितात. ते बाहेर येऊन नमाज पढले. आपण आत पढलो तर उद्या मुसलमान ही जागा मागतील, ही त्यांना काळजी. त्या चर्चच्या दाराची किल्ली आजही एका मुस्लिम घराण्याकडे असते.

“मग जुलूम करणाऱ्यांना काहीच म्हणायचे नाही?” मुलाने विचारले.

“म्हणायचे. जुलमाला जुलूमच म्हणायचे. पण माझ्या मावशीला त्यात ओढायचे नाही.”

मुलगा गप्प झाला. त्याला सगळे पटले असे आम्ही म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने दादींना विचारले, “मावशीसाठी चूल पेटवल्यावर ती तुम्हाला काय खायला द्यायची?”

अबू दाऊदच्या संग्रहात एक रिवायत आहे. बैतुल मुकद्दसला जाता आले नाही तर काय करावे, असे एका सहाबियांनी विचारले. तिथले दिवे जळण्यासाठी तेल पाठवा, असे उत्तर मिळाले. ती ऐकून दादींनी चिक्कीच्या पैशांतील निम्मे पैसे बाजूला काढले आणि जखमी, बेघर लोकांच्या मदतीसाठी दिले. “हेच माझे तेल,” त्या म्हणाल्या.

उरलेले निम्मे डब्यातच आहेत. दादींचा पासपोर्ट 2031 पर्यंत चालेल. अल्लाह त्या शहराला अमन देवो आणि आमच्या दादींना तिथे दोन रकात नमाज नसीब करो. आमीन.