मनगटावरचा डाग

फोडणीचं तेल मनगटावर उडालं, त्याला पंचवीस वर्षं झाली. जखम महिन्याभरात भरली, पण तिथली कातडी अजून ताठ आहे. तिच्यावर लव म्हणून नाही. या डागानंच मला एकदा धाकट्या बहिणीची माफी मागायला लावली.

२००६ साली मेहुणे गेले आणि मागोमाग हिलाही एच.आय.व्ही. असल्याचं कळलं. सीडी-फोर पेशी अवघ्या ऐंशी! सरकारी केंद्रात २००४ पासून औषधं फुकट मिळू लागली होती, ती लगेच सुरू केली. ती माझ्याकडेच राहिली. वजन वाढलं, तोंडावर तुकतुकी आली, पण आकडा काही केल्या अडीचशेवर सरकेना. तिच्या बरोबरीच्या बायका पाचशे-सहाशेला पोचलेल्या. २०१९ मध्ये एकदा मी बोलून गेले, "खरं सांग, गोळ्या चुकवतेस ना?"

ती काही बोलली नाही. रिकाम्या डब्या तेवढ्या माझ्यापुढे मांडल्या.

पुढच्या खेपेला मीच तिच्याबरोबर गेले. डॉक्टरीणबाई कागद पाहून म्हणाल्या, "रक्तात विषाणू सापडतच नाही. म्हणजे गोळ्या नेमानं चालल्यात. अहो, या पेशी राहतात गळ्यातल्या, काखेतल्या लसिका ग्रंथींत आणि आतड्याच्या अस्तरात. तिथं एक बारीक जाळी असते, तिच्या आधारानं त्या जगतात. वर्षानुवर्षं दाह चालला की शरीर तिथं कोलॅजेन भरतं, जाळी मोडते. औषध विषाणूला रोखतं. व्रण पुसत नाही." अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या टिमोथी शॅकर आणि सहकाऱ्यांनी २००२ सालीच दाखवलं होतं, की कोलॅजेन जितकं जास्त, तितक्या पेशी कमी.

माझी नजर आपसूक मनगटाकडे गेली. घरी येताना बसमध्येच म्हटलं, "चुकले गं मी." ती म्हणाली, "ताई, मला वाटायचं, माझंच काही चुकतंय."

तेव्हा औषध पेशी दोनशेच्या खाली गेल्यावर मिळे. तोवर आत व्रण होऊन जाई. २०१७ पासून आपल्याकडे निदान झालं की लगेच उपचार सुरू होतात. म्हणून भगिनींनो, तपासणी लांबवू नका. आणि घरात कुणाचा आकडा वाढत नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. माझ्यासारखा संशय घेऊ नका.

रात्री नऊचा गजर झाला की आता पाण्याचा पेला मीच पुढे करते.