काना सुटा की जोडून?

चि. बबडे,


लेकीसाठी पुठ्ठ्याच्या चकत्या कापून मराठी अक्षरांचा खेळ करायचा तुझा बेत वाचला. फार आवडला. पण ‘एका चकतीवर एक अक्षर लिहिते’ असं तू सहज लिहून टाकलंस आणि मी तिथेच अडकले. एक अक्षर म्हणजे काय गं? ‘का’ ही एक चकती, की ‘क’ वेगळा आणि काना वेगळा? मेलबर्नमध्ये लेकीच्या मैत्रिणी अक्षरं जुळवून शब्द करायचा जो इंग्रजी खेळ मांडतात, त्यात हा प्रश्न येत नाही. आपल्याकडे खेळ कुठला होणार तेच ह्यावर ठरतं.

‘नगरपालिका’ घे. काना-वेलांटी अक्षराला चिकटलेलीच ठेवलीस तर तुझ्या हातात सहा चकत्या: न, ग, र, पा, लि, का. त्यांतून नगर निघतं, कान, पान, पार, रग, गर निघतात. सगळ्यांत झकास म्हणजे ‘नकार’ निघतो. आता तोच शब्द मोकळा कर. न, ग, र, प, ल, क, एक ऱ्हस्व वेलांटी आणि दोन काने. आता बघ काय बाहेर येतं: पगार, नाला, निकाल! नगरपालिकेच्या पोटात ह्याहून वेगळं काय असायचं? पुढे पालक, कपिला आणि अगदी शेवटी, दोन्ही काने आणि वेलांटी वापरून, ‘किनारा’. मला तो सापडला तेव्हा मी एकटीच मोठ्यांदा हसले. एक सांगून ठेवते, ‘नापीक’ दिसेल, पण घेऊ देऊ नकोस. त्याची वेलांटी दीर्घ आहे आणि आपल्या हातातली ऱ्हस्व.

जन्मभर मुद्रितं तपासलेल्या बाईला हा प्रश्न नवा नाही. खिळ्यांच्या काळात छापखान्यांना तो रोज सोडवावा लागे. काही ठिकाणी मात्रा-वेलांटीसकट अखंड अक्षर ओतलेलं असे, काही ठिकाणी वरचे-खालचे तुकडे सुटे असत आणि जुळारी ते बसवत असे. अखंड अक्षर दिसायला देखणं, पण खण किती लागतील त्याला हिशेब नाही. तुझंच गणित मांड: चौतीस व्यंजनांची बाराखडी धरलीस तरी चारशे आठ वेगवेगळी अक्षरं होतात, आणि जोडाक्षरं अजून दारातच उभी आहेत. पुठ्ठा पुरायचा नाही.

जुन्यांनी मात्र अखंड अक्षरच धरलं. पार्थपूरचे (म्हणजे बहुधा आपल्या परभणीकडचं पाथरी) दैवज्ञ सूर्यपंडित सोळाव्या शतकात होऊन गेले. त्यांचं ‘रामकृष्णविलोमकाव्य’ सुलट वाचलं की रामाची कथा आणि तेच श्लोक उलट वाचले की कृष्णाची. ते उलटं वाचायचं ते अक्षरागणिक. काना आपल्या व्यंजनाचा हात सोडत नाही, ‘राम’चा ‘मरा’च होतो. हेच सूर्यपंडित गणितीही होते बरं का. 1541 मध्ये त्यांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर ‘गणितामृतकूपिका’ ही टीका लिहिली. ‘लीलावती’त अंकपाश नावाचं प्रकरण आहे, त्यात वस्तूंची जागा बदलून किती प्रकार होतात त्याचे नियम आहेत. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं, ती आलटूनपालटून दिली तर किती मूर्ती होतील? 36,28,800. एकच अंक पुन्हा आला तर प्रकार घटतात, त्याचंही सूत्र आहे: 2, 2, 1, 1 ह्या चार अंकांच्या संख्या चोवीस नव्हे, फक्त सहा. शब्द उलटेपालटे करणारा कवी आणि असल्या पुस्तकावर टीका लिहिणारा गणिती एकच माणूस असावा ह्याचं मला काडीचंही आश्चर्य वाटत नाही.

लेकीला हे चकत्यांवरच दाखव. ‘मगर’ दे. तिच्या सहाच मांडण्या, त्यांतल्या मगर आणि गरम ह्या दोनच बोलतात. ‘दगड’चंही तसंच, दगड आणि गडद. ‘गरज’मधून गजर. ‘कडक’ दिलास तर सहाच्या तीन होतील, कारण दोन ‘क’ एकमेकांच्या जागी गेले तरी कुणाला पत्ता लागत नाही. आणि मोकळी केलेली ‘नगरपालिका’? नऊ तुकडे, काना दोनदा, म्हणून 1,81,440. अर्थात उच्चाराच्या क्रमात काना किंवा वेलांटी पहिल्या जागी उभी राहू शकत नाही, तेव्हा त्यांतल्या पुष्कळशा उच्चारायच्याही लायकीच्या नाहीत.

माझं मत विचारशील तर काना सुटा ठेव. सूर्यपंडितांची क्षमा मागून सांगते. सुट्या कान्यात जी मजा आहे ती त्यांच्या नियमात नाही: वाघ आणि घाव, कान आणि नाक, चाल आणि लाच, राग आणि गार. पोर हे शब्द बघून उड्या मारील. हलन्ताचीही चकती कर, म्हणजे जोडाक्षर फोडता येईल. ‘रस्ता’ फोडून बघ, पाचही तुकडे वापरून ‘रास्त’ होतं. हलन्त बाजूला ठेवलास तर सतार, तास, सात, रात. फक्त ऱ्हस्व वेलांटी लिहिताना आधी आणि बोलताना नंतर, ह्यावर तिची एकदा धांदल उडेल. उडू दे.

स्वरांचं काय, हे तू विचारणारच. आ, ओ, औ हे ‘अ’लाच काना-मात्रा लावून होतात. इ, उ, ए मात्र वेगळे. सावरकरांनी लिपिशुद्धीत ‘अ’ची बाराखडी सुचवली होती, अि, अु, अे अशी. लिहिण्यात ती मला कधी रुचली नाही, प्रुफात दिसली की डोळ्यांत खुपायची. पण ह्या खेळापुरती घे. एका ‘अ’वर सगळं भागतं.

चकत्या किती कापायच्या ते अंदाजाने ठरवू नकोस. अल्फ्रेड बट्स नावाच्या बेकार झालेल्या वास्तुविशारदाने तो इंग्रजी खेळ रचला, तेव्हा वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून कुठलं किती हवं ते ठरवलं होतं. तूही एखाद्या मराठी वर्तमानपत्राचं पान घे आणि लेकीला मोजायला बसव. काने सगळ्यांत जास्त लागतील असा माझा होरा आहे. ‘ळ’ थोडेच कर, पण अजिबात गाळू नकोस.

राहता राहिला ‘र’. सूर्यातला रफार, प्रकाशातली तिरकी रेघ, ट्रकमधलं खालचं टोक, ताऱ्यांमधला ऱ्य, ही सगळी एकाच ‘र’ची सोंगं. माझ्या मते चकती एकच, ‘र’ची, आणि शेजारी हलन्त. तुझे यजमान ह्यावर वाद घालतील, त्यांना घालू दे. पण खेळ सुरू होण्याआधी, मध्ये नको. आणि नियम एका कागदावर लिहून मला फोटो पाठव. ऱ्हस्व-दीर्घ तपासून परत पाठवते.

तुझी,
आत्या