विटेवर वीट

आमच्या कसब्यातल्या घरात प्लॅस्टिकच्या विटांची तीन घराणी नांदतात. पहिलं, भाऊजींनी १९८४ साली जर्मनीहून मुलासाठी आणलेला लेगोचा डबा. दुसरं, त्याच सुमारास तुळशीबागेतून घेतलेले देशी ठोकळे. तिसरं, नातीला गेल्या वाढदिवसाला मिळालेला लेगोचा नवा संच. गंमत अशी की पहिलं आणि तिसरं, मध्ये चाळीस वर्षं असूनही, एकमेकांवर टक्कन बसतात. आणि एकाच डब्यात वाढलेल्या पहिल्या दोघांचं मात्र कधीच जमलं नाही! देशी ठोकळ्याची खुंटी अंमळ जाड. बसायची नाही, आणि बसलीच तर दातांनी ओढून काढावी लागायची.

डेन्मार्कमधल्या बिलुंड गावची ही कंपनी. विटेची मूळ कल्पना इंग्लंडच्या हिलरी फिशर पेज यांची. लेगोवाल्यांनी त्यांची इंचातली मापं मिलिमीटरमध्ये आणली आणि १९४९ पासून विटा काढल्या. पण त्या आतून पोकळ; मनोरा जरा हलला की कोसळायचा. १९५८ च्या जानेवारीत पेटंटसाठी अर्ज केला त्या विटेत आत नळ्या आल्या. त्या खालच्या खुंट्या घट्ट धरतात. तेव्हापासून माप तेच आहे: खुंटी ते खुंटी ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६.

ही ९.६ कुठून आली, असं वाटतं ना? मी पाचवी-सहावीला गणित शिकवायचे, म्हणून लगेच लसावि काढला. ४८! म्हणजे पाच विटांची उंची बरोबर सहा खुंट्यांच्या रुंदीएवढी. आडवी वीट उभ्या भिंतीत नेमकी बसते ती यामुळे. लहानग्यांसाठी १९६९ मध्ये ड्यूप्लो आलं, तेही सगळीकडून बरोबर दुप्पट, त्यामुळे धाकट्याशी जुळणारं. पुढे पेटंटची मुदत संपली आणि इतरांनीही हेच माप उचललं. लेगो कोर्टात गेली, पण २००५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खुंट्या हा विटेच्या कामाचा भाग आहे, तो कुणाचा ट्रेडमार्क होऊ शकत नाही.

आमच्या पेठेतल्या खऱ्या विटांची गोष्ट निराळी. जुन्या वाड्यांची वीट पातळ, हल्लीची जाड. शेजारच्या वाड्याची मागची भिंत दुरुस्त करताना थर जुळेनात. गवंड्याने काय केलं? मध्ये माल जास्त भरला. झालं काम! लेगोत माल नसतो, म्हणून तिथे माप चुकवून चालत नाही.

गेल्या दिवाळीत नातीने किल्ला केला, तेव्हा हे तिला कुणी न शिकवता सुचलं. लेगोचा बुरूज, त्याला चिखलाने लिंपलेली देशी ठोकळ्यांची तटबंदी. चाळीस वर्षं न जुळलेले ठोकळे मातीत शेजारी उभे!

आता आमचाही वाडा पुनर्विकासाला चाललाय. दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत जायचं, तेव्हा कपाटं रिकामी करणं चालू आहे. "देशी ठोकळे तरी टाक, आई," असा मुलाचा फोन आला. मी ते लेगोच्याच डब्यात भरले आहेत. नव्या जागेत अंगण नाही. किल्ल्यासाठी थोडी माती मात्र कुणाकडून तरी मागावी लागेल. तुमच्यापैकी कुणाकडे अंगण उरलंय का?