तीनशे रुपयांत कोल्हापूर

सुट्टीत पाहिलेल्या गावाविषयी भित्तिपत्रकासाठी लिहा, असे गुरुजींनी सांगितले. कोणी पुणे पाहिले असेल, कोणी वेरूळ. मी कोल्हापूर पाहिले. तेही एका दिवसात आणि ३०० रुपयांत. ही गोष्ट २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीतली. तेव्हा मी पाचवीत होते.

दसरा झाला की आमचे आईवडील ऊस तोडायला जातात, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक आहे. निम्म्या वर्गाची तीच कथा आहे. मुकादमाची उचल घेतलेली असते. ती फेडायला सहा महिने कोयता चालवावा लागतो. त्या वर्षी आमचा कोयता कोल्हापूरकडे गेला होता. मी गावी आजीजवळ होते. पण आजी आजारी पडली आणि आत्याकडे गेली. म्हणून सुट्टी लागताच चुलत्यांनी मला आईजवळ नेऊन सोडले.

माळावर आमच्या टोळीच्या कोप्या होत्या. त्या दिवाळीत तिकडे ऊसदराचे आंदोलन चालू होते व तोड बंद होती. तोड बंद म्हणजे मजुरी बंद. सगळी टोळी कोप्यांपुढे नुसती बसून होती. वडिलांना मी दादा म्हणते. मी झोपले असे समजून रात्री दादा आईला म्हणाले, "आता हिला माघारी कुणाजवळ ठिवायचं? राहू दे हितंच. बाळ्याला सांभाळील, भाकरी थापील. तुझं खाडं तरी होणार न्हाईत." आई काहीच बोलली नाही. मी गोधडी तोंडावर ओढून घेतली.

सकाळी दादा म्हणाले, "चल माय, तुला कोल्हापूर दाखवतो. तोड सुरू झाली की मंग सवड न्हाई." मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण शाळा सुटणार म्हणून माझी समजूत काढायला नेत आहेत, असेच मनात आले. बाळ्याला घेऊन आई कोपीवरच थांबली. तिने चार भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून दिला. दादांनी शंभराच्या तीन नोटा दोनदा मोजून खिशात घातल्या. म्हणाले, "हिशोब तू ठिव."

एस.टी.ला दादांचे तिकीट ४५ रुपये व माझे अर्धे २५ रुपये पडले. येतानाचे तेवढेच धरून १४० रुपये बाजूला काढले. उरले १६०.

बसस्थानकावर उतरताच रिक्षावाल्यांनी गराडा घातला. दादा म्हणाले, "आपले पाय हाईत की." मग आम्ही विचारत विचारत चालू लागलो. केवढी ती वाहने! रस्ता ओलांडताना दादांनी माझे मनगट इतके घट्ट धरले की बांगडीचा वळ उठला. उसाच्या फडात न घाबरणारे दादा शहरात घाबरतात, हे मला त्या दिवशी कळले.

पहिल्यांदा दसरा चौक लागला. तेथे शाहू महाराजांचा पुतळा आहे. दादांना वाचता येत नाही, म्हणून मी नाव सांगितले. मला तर घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. कारण त्याच वर्षी २६ जूनला, महाराजांच्या जयंतीला, मी शाळेत भाषण केले होते. ते अजून तोंडपाठ होते. मी तेथेच उभी राहून दादांना म्हणून दाखवले. महाराजांचा जन्म १८७४ चा. त्यांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. जो बाप मुलाला शाळेत घालणार नाही त्याला दर महिन्याला १ रुपया दंड! दादा हसले व म्हणाले, "बापाला दंड?"

जवळच चहाच्या गाड्यापाशी एक म्हातारे आजोबा बसले होते. त्यांनी विचारले, "कुठनं आलासा?" दादा म्हणाले, "बीडकडचे हावोत." आजोबा म्हणाले, "तोडीला आलायसा व्हय? ह्या पोरीचं भाषण ऐकलं. अवो, ही भवतीनं बोर्डिंगं दिसत्यात न्हवं, ती महाराजांच्या काळातली. खेड्यातल्या पोरांनी शिकायचं तर ऱ्हायाचं कुठं, म्हणून महाराजांनी एकेका समाजाला बोर्डिंग काढाय लावलं." मग त्यांनी हात करून दाखवले. मराठ्यांचे, जैनांचे, लिंगायतांचे, मुसलमानांचे, अशी कितीतरी वसतिगृहे या गावात निघाली. पहिले १९०१ साली. भाषणात मी हे पाठ केले होते, पण शाळा काढल्यावर राहण्याची सोयसुद्धा करावी लागते, याचा अर्थ मला तेव्हा समजला नव्हता. आता चांगला समजला. दादांनी एक चहा घेतला, १० रुपये. निम्मा बशीत ओतून मला दिला.

पुढे बिंदू चौकात महात्मा फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे शेजारी शेजारी पाहिले. हे १९५० साली उभारले. म्हणजे बाबासाहेब हयात असतानाच. तेथून भवानी मंडपातून आम्ही अंबाबाईच्या देवळात गेलो. सगळे देऊळ काळ्या दगडाचे. रांग फार मोठी होती, म्हणून मुखदर्शन घेतले. त्याला पैसे पडत नाहीत. दादा बराच वेळ हात जोडून उभे होते. बाहेर महाद्वार रोडला आईसाठी २० रुपयांच्या बांगड्या आणि बाळ्याला १० रुपयांचा फुगा घेतला. एका दुकानात कोल्हापुरी चपला टांगल्या होत्या. दादांनी एक जोड हातात घेतला, वास घेतला, किंमत विचारली आणि हळूच परत जागेवर ठेवला. त्यांच्या पायातल्या प्लॅस्टिकच्या चपलेचा अंगठा तारेने बांधलेला होता.

जवळच खासबागचे कुस्तीचे मैदान आहे. विलायतेच्या प्रवासात महाराजांनी रोमचे जुने मैदान पाहिले व तसे आपल्या गावात बांधून घेतले. ते १९१२ साली पुरे झाले. भोवती पायऱ्या चढत गेलेल्या आहेत आणि मध्ये लाल मातीचा हौद. कोठेही बसा, कुस्ती दिसणारच. आत कोणी नव्हते. दादा पायरीवर बसून मातीकडे बघत राहिले. लहानपणी ते जत्रेत कुस्त्या खेळत, हे मला तेव्हा पहिल्यांदा सांगितले. मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह होते. ते आम्ही बाहेरून पाहिले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, ते आगीत जळाले असे ऐकले तेव्हा फार वाईट वाटले. न्यू पॅलेस पाहायचा राहिला. एक तर तो लांब, शिवाय तेथे तिकीट.

दुपारी रंकाळ्यावर पोचलो. वाटेत खानावळीतून तांबड्या रश्शाचा वास येत होता. आम्ही नाक दाबून पुढे गेलो. तळ्याच्या काठावर बसून भाकरी सोडली. समोर केवढे पाणी! पलीकडे शालिनी पॅलेसची इमारत दिसत होती. दादांनी ३० रुपयांची एक भेळ आणली आणि "मला आंबट चालत न्हाई" म्हणून सगळी मलाच दिली. घरी चिंचेचे सार वरपणारे दादा आंबट कधीपासून सोडले, हे मी विचारले नाही.

भेळ संपल्यावर दादा म्हणाले, "त्या राजानं दंड किती ठिवला म्हणलीस?"

"महिन्याला एक रुपया."

"सहा महिन्यांचं सहा." ते बोटांवर मोजत म्हणाले. मग बराच वेळ गप्प बसले. "माझ्या बापाला कुणी दंड केला असता, तर आज गावाची पाटी तरी वाचता आली असती. सकाळधरनं तूच वाचायलीस."

मला रात्रीचे बोलणे विचारायचे होते. पण धीर झाला नाही.

बसस्थानकाकडे परत येताना दादा एका वह्यांच्या दुकानापुढे थांबले. "किती उरलं?" मी सांगितले, "तिकिटाचं सोडून नव्वद." त्यांनी २५ रुपयांच्या तीन वह्या घेतल्या. ७५ रुपये गेले. मी म्हणाले, "दादा, वह्या कशाला?" ते म्हणाले, "मंग गावाकडं शाळेत कशावर लिव्हशील? गुरुजीला इचारू, तितं राह्यची काय सोय हाय का."

मी रस्त्यातच रडले. दादा म्हणाले, "अगं, फुगा फुटंल." ३०० पैकी १५ रुपये शिल्लक राहिले.

सुट्टी संपल्यावर मी गावी आले. गुरुजींनी माझे नाव हंगामी वसतिगृहात घातले आणि माझी शाळा चुकली नाही. पण एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. मी नव्हते म्हणून बाळ्याला त्या हंगामात फडाच्या कडेला झोळीत ठेवावे लागले. आईचे खाडे पडले ते पडलेच. उचल पूर्ण फिटली नाही. मी शिकते, त्याची किंमत घरात कोणीतरी भरते आहे.

तीन वह्यांपैकी दोन भरून गेल्या. तिसरीच्या शेवटच्या पानावर त्या दिवसाचा हिशोब आहे. तो पाहूनच हे लिहिले. मुलांनो, तुमचे आईबाप तोडीला निघाले आणि तुम्हाला बरोबर न्यायचे म्हणाले, तर आधी गुरुजींना सांगा. वसतिगृहात जागा असते. आणि गावाला गेलात तर पाट्या मोठ्याने वाचा. सोबतच्या माणसाला वाचता येत असेलच असे नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी