एकशे बत्तीस सूर

इलेक्ट्रिक गिटार बघायला दुकानात गेलं की ती अ‍ॅम्पला जोडूनच हातात देतात. अ‍ॅम्पवर रिव्हर्ब वाढवलेला असतो, गेनही चढवलेला. अशा आवाजात कुठलीही गिटार पहिली दोन मिनिटं भारीच वाटते. म्हणून मी आधी केबल काढायला सांगते.

"ताई, इलेक्ट्रिक आहे ही."

माहितीये. पण केबल नसताना तिचा जो बारीक, कोरडा आवाज येतो, त्यात फारसं काही लपत नाही. सहा तारा, बहुतेक मॉडेल्सना २२ फ्रेट. म्हणजे १३२ सूर. एकेक दाबायचा, छेडायचा आणि विरेपर्यंत थांबायचं. कुठे तार पुढच्या फ्रेटला घासून खरखरते, कुठे सूर लागताक्षणी मरतो, ते इथेच कळतं. मग बारीक तारांवर, बाराव्या फ्रेटच्या पुढे, तार ओढून बघायची, सतारीवर मींड काढतात तशी. जुन्या फेंडरसारखा जास्त गोलाई असलेला फ्रेटबोर्ड असेल आणि तारा फार खाली बसवल्या असतील, तर वर जाता जाता सूर मध्येच गुदमरतो.

या सगळ्याला दहा-बारा मिनिटं लागतात. दुकानात ती तासाभराची वाटतात. शेजारच्या स्टुलावर कुणीतरी डिस्टॉर्शन लावून सुसाट सुटलेला असतो आणि आपण बालवाडीत असल्यासारखं टिंग... टिंग... करत बसलेलो. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांनी याच लाजेपोटी येतो तेवढा एक रिफ वाजवला, मान डोलावली आणि पैसे भरले. रिफ तर घरी रोज वाजवतो आपण. त्यातून आपला हात कळतो, गिटार कळत नाही.

मुलगी असाल तर त्यात आणखी एक भर. माझ्या पहिल्या नोकरीच्या पगारातून साठवलेले तीस हजार घेऊन मी गेले तेव्हा सोबत दादा होता. तो निव्वळ बाइक चालवायला आलेला. काउंटरवरच्या माणसाने गिटार सरळ त्याच्या हातात दिली. दादा म्हणाला, "मला नाही येत, हिला येतं." त्यावर तो माणूस माझ्या हातांकडे बघून म्हणाला, "मग ताईंसाठी थ्री-फोर्थ साइझ दाखवू का?"

हा प्रश्न अगदीच बिनबुडाचा नाही, फक्त चुकीच्या टोकाने विचारलेला असतो. गिटारची 'स्केल लेंग्थ', म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची कंपणारी लांबी, वेगवेगळी असते. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरची २५.५ इंच, गिब्सनच्या लेस पॉलची साधारण २४.७५, फेंडरच्याच मस्टँगची २४. लांबी कमी तसे फ्रेट जवळ येतात आणि तार हाताला सैल लागते. बोटं आखूड असतील तर हे बघावंच, बाईचा हात असो की पुरुषाचा. फेंडरने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिका-ब्रिटनमधल्या नवशिक्या गिटारवाल्यांत निम्म्या बायका होत्या. आपल्या काउंटरपर्यंत ती बातमी पोचायची आहे.

मी म्हटलं, "हीच द्या. आणि पट्टा द्या, उभं राहून बघायचंय."

पट्टा मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून मागायचाच. काही गिटारी मांडीवर शहाण्यासारख्या बसतात आणि गळ्यात अडकवल्या की नेक जमिनीकडे कलते. डावा हात वाजवायच्या ऐवजी तिला सावरत बसतो. वजनही तेव्हाच कळतं. चार किलोंच्या पुढची लेस पॉल फोटोत कुणाच्याच खांद्याला जड दिसत नाही.

नेकच्या कडेवरून तळहात फिरवायचा. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, आणि त्यांची टोकं बाहेर येऊन बोचतात. मग फोनवरचा ट्यूनर उघडायचा. प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर जुळायला हवेत.

आता केबल लावा. रिव्हर्ब बंद, आवाज क्लीन. प्रत्येक नॉब शून्यापासून दहापर्यंत फिरवा. खरखर आली तर धूळ किंवा झिजलेला पॉट. स्विचच्या सगळ्या जागा ऐका. स्ट्रॅटवर दोन पिकअप एकत्र वाजतात त्या मधल्या जागा मला सगळ्यात आवडतात. गंमत म्हणजे १९५४ मध्ये ती आली तेव्हा स्विचला तीनच जागा होत्या. वादक तो मध्येच अडकवून हा आवाज काढायचे आणि फेंडरने पाच जागांचा स्विच द्यायला १९७७ उजाडलं. सिंगल कॉइल पिकअप घूंऽऽ करतो, तो बिघाड नव्हे. आपल्या विजेचे ५० हर्ट्झ तो इमानेइतबारे पकडत असतो.

त्या दिवशी एकाच मॉडेलच्या दोन गिटारी होत्या. एक सनबर्स्ट, जिचा फोटो सहा महिने माझ्या फोनचा वॉलपेपर होता. दुसरी जुन्या फ्रिजच्या रंगाची. सनबर्स्टच्या दुसऱ्या तारेवर चौदाव्या आणि पंधराव्या फ्रेटचे सूर मरत होते. "कंपनी पीस आहे, सेटअप केलं की जाईल," असं उत्तर मिळालं. सेटअपने तारांची उंची, नेकचा बाक, इंटोनेशन नक्की सुधारतं. उचकटलेला फ्रेट किंवा पिळलेली नेक मात्र त्याने सुधारत नाही. म्हणून मी म्हटलं, "मग आत्ता करा, मी थांबते." आतल्या टेक्निशियनने तारा वर घेतल्या, बाक बघितला, पट्टी आडवी ठेवून फ्रेट तपासले. बाहेर येऊन माझ्याशीच बोलला: "सोळावा वर आलाय. दुसरी घ्या."

रंगाला मी क्षुल्लक मानत नाही. जी बघावीशी वाटते तीच रोज स्टँडवरून उचलली जाते. त्या सनबर्स्टकडे मी दारातून निघतानाही बघत होते. पण फ्रिजच्या रंगाचीवर १३२ पैकी १३२ लागले.

बिल करताना अ‍ॅलन की तेवढी मागून घ्या. पावसाळ्यात नेक हलली की ट्रस रॉड फिरवायला ती लागते. बहुतेक वेळा ती खोक्यात असते, आणि खोकं दुकानातच राहतं.