अम्मींचे दहा फूट

अब्बांचा इंतिकाल होऊन दोन वर्षं झाली, तरी त्यांची पत्र्याची पेटी आम्ही उघडली नव्हती. यंदा दिवाळीच्या सुट्टीत उघडली, तेव्हा फडक्यात गुंडाळलेला जुना घडीचा कॅमेरा निघाला. खटका दाबला की झाकण उघडतं आणि काळ्या भात्यासकट भिंग पुढे येतं. अम्मी म्हणाल्या, "भंगारवाल्याला द्या." तो द्यायचा नाही, हे त्यांच्या आवाजावरूनच कळलं.

अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत बॅटरी धरली. कोपऱ्यात उजेडाचे दोन ठिपके दिसले, ते काळ्या रंगाने बुजवले. १२० नंबरचं कृष्णधवल रीळ अजून मिळतं. पण स्वस्त नाही, आणि या कॅमेऱ्यात त्यावर फोटो निघतात फक्त १२. मुलांना हसूच आलं.

संगमनेरहून अकोले, राजूर करत भंडारदऱ्याला पोहोचलो. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं. पाणी काठोकाठ होतं. भर दुपारी कृष्णधवल फोटोत सगळंच फिकट येतं, म्हणून ऊन तिरपं होईपर्यंत थांबलो.

उजेड आपणच ओळखायचा, अंतरही आपणच मोजायचं. भिंगाभोवतीच्या कड्यावर फुटांचे आकडे. आम्ही पावलं टाकत होतो, तोवर काळी शाल सावरत अम्मी झाडाखाली उभ्या राहिल्या.

"इत्ते पास नको आओ. दो कदम पीछे. हां, अब दस फुट."

नंतर टेपने मोजलं, दहाच भरले. तीस वर्षं अब्बांनी त्यांना तेवढ्याच अंतरावर उभं केलं होतं. कॅमेरा मात्र त्यांच्या हाती कधी आला नाही. म्हणून तर घरच्या फोटोंत अब्बा जवळजवळ नाहीतच.

"आता तुम्ही उभे राहा," म्हणत त्यांनी कॅमेरा मागून घेतला. आम्ही गडबडीने उभे राहिलो. त्या गडबडीत रीळ पुढे सरकवायचंच राहिलं. या जुन्या कॅमेऱ्यात ते आठवणीने करावं लागतं. मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत चावी फिरवायची असते.

रीळ धुऊन आलं तेव्हा चूक समजली. एकाच चौकटीत दोन फोटो. अम्मींचा चेहरा धूसर. पण काळ्या शालीच्या जागी फिल्मवर उजेड पडलाच नव्हता, तिथे आमचे सगळ्यांचे चेहरे स्पष्ट उमटले होते.

आम्ही तो फोटो वाया गेला म्हणून बाजूला काढला. अम्मींनी तोच मोठा करून मागितला आहे. कॅमेरा आता त्यांच्या कपाटात असतो, आणि नवीन रीळ कधी आणणार, हे आठवड्यातून एकदा विचारणं चालू आहे.